बाण सुटताना पेंटर कुठे बघायचा

“हाताकडे काय बघतोस? हात काय चोर आहे?”

पेंटरचं हे वाक्य आमच्या गल्लीत इतकं मुरलं होतं की शाळेतली पोरंसुद्धा ते एकमेकांना ऐकवायची. भाजी चिरताना बहिणीचं बोट कापलं तरी त्याचं तेच. त्यावर बहीण म्हणायची, “मग काय छताकडे बघून चिरू?” आणि तो शांतपणे म्हणायचा, “बोट वाचलं असतं.”

वाक्य त्याच्या धंद्यातलं होतं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाटीवर हाताने सरळ रेघ ओढायची तर ब्रशकडे बघून चालत नाही. रेघ जिथे संपायची तिथे आधी डोळा नेऊन ठेवायचा, आणि तिथेच ठेवायचा. ब्रश मागून येतो, गाय दिसली की वासरू येतं तसा. ब्रशकडे बघितलं की रेघ कापते, वाकते, आणि मग ती झाकायला खाली वेलबुट्टी काढावी लागते. गावात ज्या पाट्यांखाली वेलबुट्टी आहे त्या दुसऱ्या पेंटरच्या, असं तो सांगायचा. छापील फलक आले तरी त्याचं काम अगदीच थांबलं नाही. भिंतीवर, लाकडावर, फरशीवर रंगवायला अजून हातच लागतो.

जिन्याखालची खोली हे त्याचं दुकान. खोली एवढी बुटकी की मागच्या बाजूला त्यालाही वाकून जावं लागे. फळीवर रंगाचे डबे, त्यांच्या झाकणांवर आतल्या रंगाचा एकेक थेंब, खिळ्याला टांगलेले ब्रश, आणि सगळ्यावर टर्पेन्टाइनचा वास. राहायला तो वरच्या मजल्यावर, बहिणीच्या दोन खोल्यांत. लग्न एकदा जमत आलं होतं. पण होणाऱ्या सासऱ्याच्या दुकानाची पाटी उजवीकडे उतरली आहे, हे तो त्यांना तोंडावर सांगून आला, आणि ते प्रकरण तिथेच वाळलं. पुढे कुणी विचारलं तर म्हणायचा, “उतरलेली होतीच की.”

बहीण त्याच्याहून मोठी, म्हणून ताई. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर उभी असायची. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. त्यांची एकच मुलगी. ती शाळेतून आली की दप्तर जिन्याखालच्या खोलीत टाकायची, म्हणजे ती वाढली मामाच्या डोळ्यांसमोर. मामाच्या डोळ्यांसमोर वाढणं म्हणजे काय ते त्या पोरीलाच माहीत. अक्षर वाकडं आलं तरी तो बोलायचा नाही. नुसता बघायचा. त्याचा चेहरा बघून ती पान फाडायची.

ती तेरा वर्षांची होती तेव्हा गावाच्या कडेच्या एका जुन्या गोदामात तिरंदाजीचा हॉल झाला, आणि फरशीवर रेघा मारायचं काम पेंटरला मिळालं. एक पांढरी रेघ तिरंदाजांनी उभं राहायची, तिच्या मागे एक पिवळी, पाळी येईपर्यंत थांबायची, आणि समोर अठरा मीटरवर लक्ष्यं मांडायची. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, दुसरा मारायचा, असं काम आठवडाभर चाललं. हॉलच्या उरलेल्या अर्ध्या भागात सराव चालू होता. पेंटर उकिडवा बसून रेघ मारायचा, आणि रेघ वाळेपर्यंत तसाच बसून तिरंदाजांची तोंडं बघायचा.

दोन दिवसांत त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. बाण कुठे जाणार ते बाण सुटायच्या आधीच तोंडावर लिहिलेलं असतं. काहींचा डोळा आधी जाऊन लक्ष्यावर बसतो, मग धनुष्य उठतं. काहींचं धनुष्य आधी उठतं, आणि डोळा दार उघडं सापडलेल्या कोंबडीसारखा हिंडतो. बाणाच्या टोकावर जातो, पिवळ्या गोलावर जातो, परत टोकावर येतो. तिसऱ्या दिवशी तो बसल्या बसल्या पुटपुटायला लागला, “हा आत. हा बाहेर. हा पण बाहेर.”

हॉलमध्ये शिकवणारे सर ते ऐकत होते. सर म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. स्वतः कधीकाळी मोठ्या स्पर्धांत खेळलेला आणि खांदा निकामी झाल्यावर शिकवायला लागलेला.

“पेंटर, तुम्ही रेघा मारा. भविष्य सांगायला आम्ही बोलावलं नाही.”

“भविष्य कसलं सर? दिसतंय ते बोलतोय.”

“लक्ष्य तर तुमच्या मागे आहे.”

“लक्ष्याकडे मी बघतच नाही. लक्ष्य काय करतंय? जागेवर आहे बिचारं.”

सरांनी त्याला जिरवायचं ठरवलं. उजव्या भिंतीशी, रेघेच्या टोकाला एक स्टूल ठेवलं आणि लक्ष्याकडे पाठ करून त्याला बसवलं. एका मुलीला दहा बाण मारायला लावले. पेंटरने दहातले आठ बरोबर सांगितले. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्यासाठी चहा मागवला, त्यावरून आम्ही समजलो.

त्याच आठवड्यात भाची मामाचा डबा घेऊन हॉलवर गेली, आणि डबा उघडायच्या आधी तिच्या हातात सरावाचं हलकं धनुष्य आलं. पेंटर म्हणाला, “अभ्यास कर.” ती म्हणाली, “मामा, एकदाच.” ते एकदाच पुढे सात वर्षं चाललं.

तिला शिकवलं सरांनी. उभं कसं राहायचं, खांदा कुठे, कोपर कुठे, बोटं दोरीवरून कशी सोडायची, हे सगळं त्यांचं. पेंटरने आयुष्यात धनुष्य ओढलं नाही. पण डोळा मात्र त्याने घडवला, हे सरांनीच चारचौघांत कबूल केलेलं आहे.

त्याची रीत साधी होती. लक्ष्याचा कागद लावायच्या, बाण रुतायच्या कोऱ्या गादीवर तो वाटाण्याएवढा काळा ठिपका काढायचा. पोरीला रेघेवर नुसतं उभं करायचा, हातात काही नाही.

“बघ.”

“बघतेय.”

“काय दिसतंय?”

“ठिपका.”

“अजून?”

“गादी. भिंत. पंखा.”

“मग तू ठिपका बघत नाहीस. हिंडतेयस. परत बघ.”

महिनाभर हे चाललं. ताई म्हणाली, “डोळा म्हणजे काय गाय आहे, खुंट्याला बांधायला?” पण पोरगी करत राहिली. मग धनुष्य आलं, बाणाशिवाय. मग बाण आला. नियम एकच. धनुष्य उठायच्या आधी डोळा ठिपक्यावर पोचला पाहिजे, आणि बाण गादीत रुतल्याचा थप् असा आवाज येईपर्यंत तिथून हलता कामा नये.

“लागला का नाही ते कळणार कसं?” ती विचारायची.

“आवाज कानाने ऐकतात. डोळ्याने नाही.”

पुढे कोऱ्या गादीवर लक्ष्याचा कागद आला, रंगीत गोलांचा, मधोमध पिवळा. तिथे ती पुन्हा घसरली. कारण विचारलं तर म्हणाली, पिवळ्यातच तर बघतेय. पेंटर हसला. “पिवळा म्हणजे गाव झालं. गाव बघत निघालेला माणूस वेशीवरच फिरत बसतो. घराचा नंबर लागतो. पिवळ्याच्या मधोमध बारीक फुली छापलेली असते, ती धर.”

“इथून दिसत नाही ती नीट.”

“नीट दिसत नाही म्हणून तर डोळा तिथे टिकतो. जे सहज दिसतं त्याला डोळा कंटाळतो.”

हे खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण दोन वर्षांत पोरीचे बाण एकमेकांना घासून बसायला लागले, आणि सरांनी हॉलमधल्या प्रत्येक पोराला कोऱ्या गादीसमोर उभं केलं. ‘ठिपका’ हा तिथला धडाच झाला. पेंटरचं स्टूल उजव्या भिंतीशी कायमचं पडलं. संध्याकाळी पाचला काम उरकून तो यायचा, बसायचा आणि तिचा डोळा बघायचा. तो बघतो, असंच त्याला वाटायचं.

आता अडचण सांगतो. विभागाच्या संघात दर वर्षी चौघींची निवड व्हायची. निवड झाली की दोन वर्षं प्रशिक्षण केंद्रात राहणं, जेवणं, शिकणं, सगळं तिकडचं. वयाची अट होती. वीस पूर्ण झाली की नाव यादीतून बाद. पोरगी सतराव्या वर्षी सहावी आली. अठराव्या वर्षी पाचवी. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा पाचवी. सरावात ती चौघींनाही ऐकली नसती. स्पर्धेत पहिले काही बाण बरे जायचे आणि जसजसा हिशेब शेवटाकडे यायचा तसतसे बाण पिवळ्याच्या कडेला सरकायचे. लांब नाही, दोन-दोन बोटं. पण त्या दोन बोटांत चार मुली पुढे जायच्या.

सरांनी खांदा तपासला. बोटं तपासली. दोरी बदलली. पेंटर म्हणायचा, “डोळ्यात खोट नाही. मी बघतो ना रोज.”

ताईने लॉन्ड्रीच्या मालकाशी बोलून ठेवलं. इस्त्रीवरच्या एका बाईचे गुडघे गेले होते, तिची जागा होणार होती. “खेळलीस तेवढं खेळलीस,” ती पोरीला म्हणाली. यात दुष्टावा नव्हता. तिला स्वतःला कुणी सात वर्षं खेळू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून पोरगी सरावाला तास आधी जायला लागली.

पोरीला वीस पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते, आणि शेवटच्या निवडीला दीड महिना होता. त्या वर्षी निवड आमच्याच हॉलमध्ये होती. एका संध्याकाळी सरांनी वैतागून आपला मोबाईल एका काठीला बांधला, काठी लक्ष्याशेजारी उभी केली आणि पोरीच्या तोंडाचं समोरून चित्रण केलं. बारा बाण. मग दिवे मालवायच्या आधी तिघं बाकावर बसून ते बघायला लागले. मध्ये पोरगी, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला पेंटर.

पहिला बाण. डोळा आला, बसला, थांबला. बोटं सुटायच्या क्षणी बुबुळ उजवीकडे गेलं.

“थांबवा,” पेंटर म्हणाला. “मागे घ्या.”

सरांनी मागे घेतलं. पुन्हा तेच. बुबुळ उजवीकडे, पापणी लवायला लागते तेवढंच आधी. बाण अजून दोरीवर आणि डोळा निघालेला.

“उजवीकडे काय आहे?” पेंटरने विचारलं.

सर त्याच्याकडे बघत राहिले. “उजवीकडे तुम्ही आहात.”

पुढच्या अकरा बाणांत आठ वेळा तेच. आणि चित्राच्या कडेला, भिंतीशी, पेंटर स्वतःही दिसत होता. छोटासा, पण स्पष्ट. बाण सुटायच्या क्षणी त्याचं डोकं लक्ष्याकडे वळत होतं. प्रत्येक वेळी. बाराच्या बारा.

आता ही चूक नीट समजून घ्यावी, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. तो तिचा डोळा बघायला बसायचा, आणि नेमक्या त्या क्षणी बाण कुठे जातो ते बघायला मान वळवायचा. परक्या पोरीचे दहा बाण त्याने लक्ष्याकडे पाठ करून निभावले होते. भाचीचा एकही त्याला तसा निभावला नाही. त्यामुळे तिचा डोळा हलतो तो नेमका त्याची पाठ फिरल्यावर. दोघांनी सात वर्षं एकमेकांकडे बघितलं, आणि एकदाही एका वेळी बघितलं नाही.

“तू माझ्याकडे का बघतेस?” पेंटरने विचारलं.

पोरगी म्हणाली, “बाण कुठे लागला ते कळतं.”

“माझ्या तोंडावर?”

“लगेच कळतं, मामा. दहा लागला की भुवई खाली येते. नऊ असला की ओठ असे होतात.” तिने करून दाखवलं. सर हसले. “आठ लागला की तू नाक ओढतोस.”

“आणि सात?”

“सात लागला की तू बुटांकडे बघतोस.”

“लक्ष्य समोर असताना बाई माझ्या तोंडावर गुण वाचते,” पेंटर सरांना म्हणाला. “मी काय गुणफलक आहे?”

“रंगवलाय तर तुम्हीच,” सर म्हणाले. त्या संध्याकाळी एवढंच हसणं झालं.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. पेंटर काळा चष्मा लावून बसला. पोरगी म्हणाली, भुवई वरून दिसतेच. तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. तिने ते धरणाऱ्या बोटांवरून ओळखलं. तो तिच्या मागे जाऊन बसला, तर ती म्हणाली, “आता कान मागे राहतात. खोकलास की नऊ.” मग सरांनी त्याला चार दिवस हॉलवर यायलाच बंदी केली. चार दिवस तो जिन्याखाली बसून एका शाळेच्या फळ्याला काळा रंग देत होता आणि ताईला दर पंधरा मिनिटांनी वेळ विचारत होता. ताई म्हणाली, “घड्याळ भिंतीवर आहे. भिंत काय चोर आहे?” हॉलमध्ये मात्र पोरीचा डोळा रिकाम्या स्टुलावर जात होता. पूर्वी कधी पाटीचं काम लांबलं की तो उशिरा यायचा, म्हणून स्टूल रिकामं म्हणजे मामा यायचा आहे, एवढंच त्या डोळ्याला कळत होतं. बाण आणखी बिघडले.

शेवटी पेंटरनेच एक सुचवलं. तो नेहमीसारखा येऊन बसायचा. तिचा डोळा फुलीवर गेला आणि तिने धनुष्य उचललं की उठायचा आणि बाहेर चालता व्हायचा. त्या संध्याकाळी परत यायचं नाही. “मी गेलो म्हणजे गेलो, हे डोळ्याला कळू दे. मेल्या माणसाची कुणी वाट बघत नाही.”

“शुभ बोल की रे,” सर म्हणाले. एव्हाना ते त्याला अरे-तुरे करत होते.

पहिल्या दिवशी डोळा त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला, आणि बाण गादी सोडून मागच्या जाळीत. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवड्याने तीन बाणांतला एक टिकायला लागला. तीन आठवड्यांनी दोन. तिसऱ्याचा भरवसा नव्हता. दिवस संपले.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी पोरगी जिन्याखालच्या खोलीत आली. पेंटर ब्रश धूत होता.

“मामा, उद्या जाऊ नकोस.”

“ठरलंय ना आपलं?”

“सरावाचं ठरलं होतं. उद्या बस. पूर्ण बस. मी नाही बघणार तुझ्याकडे, शपथ.”

“डोळा शपथ पाळत नाही गं.”

“सात वर्षं बसलास. उद्याच नेमका उठून जाणार?”

पेंटरने ब्रश झटकला, फडक्याने पुसला, खिळ्याला लावला. “बसतो,” म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्यालाही बसायचंच होतं. सात वर्षं संध्याकाळची कामं नाकारून जे बघायला तो बसला, ते उद्या घडणार होतं. बघण्यावरच ज्याचं पोट, त्याला बघू नकोस म्हणणं सोपं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. बाहेरगावच्या मुली, त्यांचे आईबाप, पाण्याचे जार, कागद सांभाळणारे अधिकारी. ताईसुद्धा आली होती, लॉन्ड्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून. तिला मागच्या बाकावर जागा मिळाली. पेंटर आपल्या स्टुलावर बसला. अंगात धुतलेला शर्ट, नखांत निळा रंग.

साठ बाण होते, तीन-तीनच्या फेऱ्यांत. पहिल्या तीस बाणांनंतर पोरगी दुसरी होती. एकोणचाळीसनंतर तिसरी. पंचेचाळीसनंतर तिचा डोळा हलला. एकदा, मग पुन्हा. पेंटरने ठरवून तिच्याच तोंडाकडे नजर लावली होती, मान वळू द्यायची नाही म्हणून त्याने मानेमागे दोन्ही हात गुंफले होते. त्यामुळे या वेळी त्याला दिसलं. बाण सुटताना ते दोन डोळे त्याच्यावर आले, आणि त्याच्या तोंडावर काहीच लिहिलेलं नाही हे बघून घाबरले. पुढचा बाण सात. ती चौथी झाली. मग पाचवी.

शेवटची फेरी उरली. मुली दोन गटांत मारत होत्या. चौथ्या जागेवरची मुलगी पहिल्या गटात मारून मोकळी झाली होती, तिचा आकडा फलकावर लागला. तिला मागे टाकायला पोरीला तीन बाणांत अठ्ठावीस गुण हवे होते. एक गुण कमी पडला तर नुसती बरोबरी, दोन पडले तर पाचवीच.

पिवळ्या रेघेमागे ती पाळीची वाट बघत उभी होती. पेंटर स्टुलावरून उठला आणि तिच्याजवळ गेला. सर तिथेच होते, म्हणून पुढचं बोलणं आम्हाला कळलं.

“मी निघतो.”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. मोडतो.”

“मामा, शेवटचे तीन आहेत.”

“म्हणून तर. मी तुझ्या मागून दाराकडे जाणार. चपला वाजतील, वाजू दे. फुली कुठे आहे?”

ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

“कुठे आहे फुली?”

“मध्ये.”

“मग मला कशाला शोधतेस? मी नाही तिथे.”

शिट्टी झाली. मुली पांढऱ्या रेघेवर गेल्या. पेंटर स्टुलाकडे परत फिरला नाही. पिवळ्या रेघेच्या मागून, बाकांच्या समोरून तो दाराकडे निघाला. घाई केली नाही. हॉल लांब होता आणि फरशीवर त्याच्या चपलांचा आवाज मोठा येत होता, फट्, फट्. बाकावरच्या बाया बघायला लागल्या, हा माणूस भाचीचे शेवटचे बाण टाकून कुठे निघाला. एकजण ताईला म्हणाली, “भाऊ रागावला वाटतं तुमचा.” ताई त्याच्या पाठीकडे बघत होती.

तो हॉलच्या मध्यावर असताना पहिला थप् आला. त्याचं पाऊल तसूभर अडखळलं, असं ताई सांगते. सर म्हणतात, नाही अडखळलं. मान मात्र वळली नाही, यावर दोघांचं एकमत आहे.

दुसरा थप् आला तेव्हा तो पाण्याच्या जारपाशी होता. तिथे उभ्या अधिकाऱ्याने त्याला वाट दिली आणि वळून त्याच्याकडे बघितलं.

तिसऱ्या बाणाला पोरीने वेळ घेतला. धनुष्य वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. चपलांचा आवाज दाराबाहेरच्या पायऱ्यांवर गेला आणि थांबला. थप् झाला. दहा, नऊ, नऊ. हे सरांना शेजारच्याला विचारावं लागलं, कारण ते स्वतः दाराकडे बघत होते.

पायऱ्यांखाली पहारेकरी होता. तो म्हणाला, “पेंटर, आत टाळ्या चालल्यात, जा की!” पेंटरने हातानेच नको म्हटलं आणि रस्त्याला लागला. पहारेकऱ्याने त्याला गोदामाच्या भिंतीच्या टोकापर्यंत पाहिलं, ताईने दारात येऊन पाहिलं, सरांनी खिडकीतून. पोरगी रेघेवरच उभी होती, धनुष्य अजून खाली आलं नव्हतं, आणि तिचे डोळे समोर होते.